बाबांच्या खुर्चीपुढचा पेला

२६ एप्रिल
अकोल्यात एकदाची रुजू झाले! कचेरी पायी दहा मिनिटं, खोली हवेशीर, कूलरसुद्धा आहे. घरमालकीण पार्वताबाईंनी किल्ली देतानाच बजावलं, नळ पाचव्या दिवशी येतो, ड्रम जपून वापरजो. मी म्हटलं, एकटीला किती लागतं? वलगावला आईला फोन करून सगळं सांगितलं.

३ मे
समुपदेशक रागिणीताईंशी पहिली भेट, मोबाइलवरच. त्या अमरावतीच्या, परवानाधारक. खोलीत एकट्याच आहात ना, हे आधी विचारून घेतलं. मी सगळं सांगून टाकलं. दीड वर्षापूर्वी बाबांनी पाणी मागितलं, तेव्हा तीन रात्रींच्या जागरणानं मी 'थांबा जरा' म्हटलं आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा ते गेले होते. तेव्हापासून घोट घशात अडकतो. त्यांनी मला माफ करावं, एवढंच हवंय.

१० मे
ताईंनी समोर रिकामी खुर्ची ठेवायला लावली. बाबा बसलेत असं समजून बोला, झालं की निरोप घ्या आणि खुर्ची भिंतीशी लावा. मी फोनवर नसताना एकटीनं मात्र करू नका म्हणाल्या. बोलले, पोटभर रडले. हलकं वाटलं.

१२ मे
राहवलं नाही. सकाळी एकटीनंच खुर्ची मांडली, पुढे पेलाभर पाणी ठेवलं. घरी आलेल्याला आपण कोरडं बसवतो का? कचेरीतून आले तर पेला रिकामा. उन्हानं आटलं असेल. अकोल्याच्या मे महिन्यात माणूससुद्धा आटतो! भूतखेत आमच्या घरात कुणी मानलं नाही, बाबांनी तर नाहीच.

१४ मे
काल तांब्या. आज अख्खी कळशी. खुर्चीखाली थेंब नाही. भीती वाटते, आणि बरंही वाटतं. मी देते, ते पितात.

१६ मे
ड्रम संपला. नळ यायला दोन दिवस. पार्वताबाई चिडल्या, एकटी बाई एवढं पाणी काहून सांडते म्हणून. त्यांना काय सांगू?

१७ मे
ताईंना सगळं कबूल केलं. त्या शांतपणे म्हणाल्या, त्यांना 'पुरे' म्हणा, खुर्ची भिंतीशी लावा आणि लगेच पार्वताबाईंकडे जाऊन बसा, मी फोनवर आहे. खुर्ची धरली. प्लॅस्टिकची, हलकी. उचलेना. पुरे म्हणता आलं नाही. एकदा 'थांबा' म्हटलं होतं, आता परत कसं— फोन मीच बंद केला.

१८ मे
नळ आला नाही. बादली कोरडी. कूलरमधलंही दिलं—
माझे ओठ फुटलेत. म्हटलं, बाबा, पाणी संपलं.
पहिल्यांदाच बोलले. त्यांचाच आवाज, मायेचा—
"हाय ना, पोरी. तुह्या आंगात हाय."
फोन वाजतोय. ताईच असतील. पार्वताबाई दार ठोकतायत— उठता येत नाही— बाबा म्हणतात माफ केलं, फक्त जरा जवळ—