वीरगळाच्या ठशावरचं गुलाबी ठिगळ

सर, तुम्ही मला फसवलंत. एवढं एकच वाक्य लिहायचं आणि कागद मिटायचा असं ठरवून बसले होते, पण तुमच्याशी एका वाक्यात बोलायची सवय मला कधी नव्हतीच.

काल मच्छे गावातल्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जुन्या शिलालेखांची एक साइट उघडली. हल्ली ठसे, पोथ्या, मोडी कागद सगळं जागेवर दिसतं. तुमच्या वेळी एक ठसा बघायला धारवाड गाठावं लागायचं. तिथं आपला, संकेश्वरच्या वाटेवरच्या उसातला वीरगळ निघाला. खाली लेखाचं वाचन, 'मध्ययुगीन, प्रथमच उजेडात', आणि शोधक म्हणून तुमचं एकट्याचं नाव.

ठशाचं चित्र मोठं केलं, तर डाव्या कोपऱ्यात गुलाबी ठिगळ. आठवतं? ओला कागद दगडावर बसवून मी ब्रशनं ठोकतेय आणि ठोकता ठोकता तो फाटतो. दुसरा कागद नाही. आई विड्या वळायची, त्यामुळं माझ्या पिशवीत विडीच्या पुड्याचं लेबल सापडतं. डब्यातल्या भाताच्या शितांनी मी तेच चिकटवते. शेताचा मालक हसतो, "मेलेल्याच्या दगडाला ठिगळ लावतीस व्हय गं?" तुम्हीही हसता. मग शाई लावून होते आणि मी बांधावर बसून अक्षरं लावत राहते. ते वाचन मी तुमच्या हातात दिलं, आणि थोड्या दिवसांनी निपाणीच्या कॉलेजात तुम्ही मला सांगितलंत, "पोरी, ह्यात काय न्हाय बघ. झिजलेल्या रेघा हायत. उगंच वय घालवू नको, नोकरी बघ." मी बघितली. तुमचा शब्द म्हणजे मला काळ्या दगडावरची रेघ.

साइटवरचं वाचन माझंच आहे, शेवटच्या ओळीतल्या अंदाजासकट. नाव हवं होतं तर मागायचंत, हसत दिलं असतं. पण ह्यात काही नाही असं का सांगितलंत? मला अक्षरं दिसतच नाहीत, असं समजून मी इतकी वर्षं काढली. त्याचा राग जात नाही.

साइटवर 'चूक कळवा' असा एक चौकोन आहे. त्यात लिहिलं आणि पुसलं. हे पत्र तरी कुठं टाकणार, तुम्ही देवाघरी गेल्यापासून घराला कुलूपच आहे. आणि खरं सांगू? काल मी तो वीरगळ शोधत नव्हते. तुमचं नाव टाकलं होतं. अधूनमधून टाकते, कुठंतरी सापडाल म्हणून.