फोपनारची सुटी

आबा, तुम्ही मला कधी पत्र लिहिलं नाही. मीही तुम्हाला लिहिली ती पोस्टकार्डं, बदली झाली की नवा पत्ता कळवण्यापुरती. आता वयानं मी तुमच्या पुढे गेलो आहे. आपल्या बुऱ्हाणपूरच्या घरी, स्वयंपाकघरात बसून हे लिहितो आहे, कारण दुपारी इथे उजेड बरा असतो आणि बाहेरच्या खोलीत पंख्यानं कागद उडतात. सांगायची गोष्ट एकच आहे, पण आधी सगळं पसरून मांडल्याशिवाय मला मुद्द्यावर येता येत नाही. तुम्ही चिडायचात याच्यावर. आज ऐकून घ्या.

पॉवरहाऊसमध्ये तुम्ही इंजिन ड्रायव्हर होतात, आणि डिप्लोमा करून मी तिथेच असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झालो. म्हणजे बापाचा साहेब. गावाला याची मोठी गंमत वाटली, मला मुळीच नाही. पहिल्याच दिवशी चार माणसांसमोर मी तुम्हाला "मिस्त्री" म्हणून हाक मारली. तुम्ही चिंध्यांनी हात पुसत आलात आणि "जी साहेब" म्हणालात, चेहऱ्यावर एक रेघ न हलवता. संध्याकाळी घरी आलो तर तुम्ही अंगणात उभे, आणि त्याच आवाजात म्हणालात, "साहेब, तेवढी घागर उचला." माय हसून हसून भिंतीला टेकली. मी घागर उचलली, पण मनातून तुमचा राग आला होता.

राग त्या घागरीचा नव्हता. तुमचं सुटणं मला सहन व्हायचं नाही. पाळी संपल्याचा भोंगा झाला की तुम्ही इंजिनावरचा हात असा काढायचात की पुन्हा तिकडे बघायचं नाही. रॉकेलनं हात धुवायचे, टोपी घालायची आणि चालू पडायचं. सकाळी कामावर येण्याआधी नदीवर, राजघाटावर पोहून यायचात, केस ओलेच असायचे. संध्याकाळी पारावर सोंगट्या. मी मात्र भोंग्यानंतरही दोन-तीन तास पॅनलसमोर. एकदा तुम्ही दारातून वळून म्हणालात, "साहेब, मशीन तं चालूच राहीन. तुले घर हाय का नाही?" या माणसाला कामाची आच नाही, असं मी तेव्हा ठरवून टाकलं. तुमच्या इंजिनाचं एक बेअरिंगही कधी तापत नव्हतं, हे मला दिसत होतं, पण ते मी हिशेबात धरलं नाही.

ती वर्षंही तशीच होती. राज्यं नव्यानं जोडली जात होती. आपले कागद नागपूरला जायचे ते भोपाळला जायला लागले, मराठीतली रजिस्टरं बंद होऊन हिंदीतली आली. गावापुरतं असलेलं आपलं पॉवरहाऊस वीज मंडळाच्या ताब्यात गेलं आणि बाहेरून येणाऱ्या मोठ्या लाइनीला ते जोडायचं ठरलं. जोडणीचं काम माझ्याकडे आलं. मी पंचविशीतला, डोक्यात एकच विचार की हे नीट झालं तर इथून सुटका, मोठं सबस्टेशन, मोठी खुर्ची. सलग आठ दिवस मी पॉवरहाऊसवरच राहिलो. माय डबा पाठवायची, तो तसाच परत जायचा. माझं लग्न होऊन चार महिने झाले होते आणि तुमच्या सुनेला मी धड पाहिलेलंही नव्हतं.

आणि त्याच थंडीत तुमचा सुटीचा अर्ज आला. दर हिवाळ्यात एक दिवस तुम्ही मामांच्या शेतावर, फोपनारला, भरीत करायचात. केळीच्या बागेशेजारी कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ, त्यात मोठाली हिरवी वांगी, मग ती सोलून ठेचायची, हिरव्या मिरच्या, कांद्याची पात, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केळीच्या पानावर. पॉवरहाऊसमधली जी पाळी मोकळी असेल ती सगळी तुमच्यामागे निघायची. फिटर, ऑइलमन, फाटकावरचा शिपाई. तो दिवस मामा तुम्हाला विचारूनच ठरवायचे. अर्जात तुम्ही माझंही नाव घातलं होतं. "साहेबांनीही यावे ही विनंती."

खंडव्याच्या ऑफिसातून आलेल्या पत्रात लिहिलं होतं की त्या आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी जोडणी करावी. कुठल्याही, आबा. मी मुद्दाम तुमचा दिवस निवडला. बापाला सवलत दिली असं कोणी म्हणू नये, हे कारण मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण हे की माझी माणसं माझं ऐकायची आणि तुमच्यामागे जायची, आणि ते मला खुपत होतं. तुमच्या अर्जावर मी लाल शाईनं "नामंजूर" लिहिलं.

त्या सकाळी तुम्ही मला कपडे बदलायला म्हणून घरी ओढून आणलंत. याच स्वयंपाकघरात, या खिडकीखाली मी पाटावर बसल्या जागी पेंगत होतो. तुम्ही समोर बसून म्हणालात, "परवा कर ना रे. आज झोप. भरताले चाल, दोन घास खा. लाइन कुठे पळून जाऊ राह्यली?"

मी म्हणालो, "तुम्हाला फक्त खायचं पडलंय."

माय म्हणाली, "बापाशी बोलू राह्यला तू, मिस्त्रीशी नाही." तुम्ही तिला हातानं थांबवलंत, उठलात, टोपी घातलीत आणि माझ्याआधी कामावर गेलात. त्या दिवशी पोहायलाही गेला नाहीत. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

दुपारी तीनच्या सुमारास आपण जोडणीला उभे राहिलो. आपलं इंजिन आणि बाहेरची लाइन, दोघांची चाल अगदी एक झाली की मगच स्विच टाकायचा. चाल कळायची ती पॅनलवरच्या दोन बल्बांवरून. चाल वेगळी असली की ते भराभर उजळायचे आणि विझायचे. जुळत आली की सावकाश. आणि पूर्ण विझले की तो क्षण साधायचा. दोन्ही बल्ब एकाच तारेवर, एकामागे एक होते, त्यामुळे एक गेला की दुसराही विझायचा. तुमचा नियम सगळ्यांना पाठ होता. "तीन डाव उजळू दे. मंग इझला का हात घाल." इंजिनापुढे उदबत्ती लावतात तशातलाच हा एक प्रकार असावा असं मला वाटायचं. पुस्तकात तो नव्हता.

तुम्ही दहा पावलांवर इंजिनाच्या चाकाशी, वेग सांभाळत. मी स्विचच्या दांड्यावर हात ठेवून. बल्ब एकदा उजळले, सावकाश विझले. दुसऱ्यांदा उजळले आणि विझले, जरा लवकरच. माझे डोळे जळजळत होते. विझले म्हणजे विझले. तुम्ही ओरडलात, "थांब." इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगितलं. मला ऐकू आलं होतं. पाच माणसांसमोर मिस्त्रीच्या सांगण्यावरून थांबायचं नव्हतं, म्हणून मी दांडा ओढला.

जमीन हादरली. इंजिन जागेवरून उचललं गेल्यासारखं झालं, कपलिंगचे बोल्ट तुटून पत्र्यावर आदळले, तेलाची नळी फुटली आणि गरम तेल तुमच्या उजव्या हातावर आलं. मग सगळं बंद पडलं. गावातले सगळे यंत्रमाग एकदम थांबले असणार. बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्या टांग्याच्या घोड्याच्या टापा मला पॅनलपाशी ऐकू येत होत्या. माणसं तुमच्याकडे धावली. मी धावलो नाही. मी पॅनलवरचा एक बल्ब काढून कानाशी हलवला. आतली तार तुटलेली होती, किणकिण वाजत होती. चाल जुळली म्हणून नाही, बल्ब गेला म्हणून ते विझले होते; तिसऱ्या डावाची वाट पाहिली असती तर कळलं असतं. आठ दिवसांत मी ते बल्ब एकदाही बदलले नव्हते. मी तो खिशात टाकला आणि कपाटातला नवा काढून तिथे बसवला. मागे वळलो तर तुम्ही पायरीवर बसला होतात, कोणीतरी तुमच्या हातावर पाणी ओतत होतं, आणि तुम्ही माझ्याकडेच बघत होतात.

दुसऱ्या दिवशी खंडव्याहून मोठे साहेब आले. चौकशी माझ्याच टेबलावर झाली, लिहून घ्यायचं काम मलाच दिलं. त्यांनी पॅनल पाहिलं, बल्ब लावून पाहिले, दोन्ही चांगले लागले. मग हाताला पट्टी बांधलेल्या तुम्हाला बोलावलं. "मिस्त्री, इंजन तुम्हारे हाथ में था. ध्यान कहाँ था तुम्हारा?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. म्हणालात, "फोपनार में था साहब. भरते का दिन था. जल्दी में चक्का ज्यादा घुमा दिया."

माझ्या हातात टाक होता, आबा. मी तो खाली ठेवायला हवा होता. मी तुमचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं, शुद्ध हिंदीत, वळणदार अक्षरात, आणि खाली तुमचा अंगठा नको, सही घ्या असं शिपायाला सांगितलं, कारण माझ्या बापाला सही येते याचा मला अभिमान होता. असल्या वेळीसुद्धा मला ते सुचलं. तुमच्या निवृत्तीला सात महिने राहिले होते. तुमच्या सेवापुस्तकात शेरा गेला आणि इंजिनावरून काढून तुम्हाला फाटकावर स्टूल दिलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करायला. गाव तुम्हाला भरतवाले मिस्त्री म्हणायला लागलं. तुम्ही हसायचात. मी रोज त्या फाटकातून आत जायचो आणि तुम्ही उठून उभे राहायचात.

एकदाच आपण त्याबद्दल बोललो. मी इथेच जेवत होतो, माय शेजारी गेली होती. मी काहीतरी सुरुवात केली. तुम्ही माझ्या पानात भाकरी वाढलीत आणि म्हणालात, "माह्यं काय, सात महिने. तुह्ये तीस साल हायेत. पण येळेवर घरी येत जा." एवढंच मागितलंत. तेही मी दिलं नाही. बदली झाली, बढती झाली, मग एकामागून एक. मोठ्या लाइनी, मोठी सबस्टेशनं. मुलगा किती वाढला ते मला त्याच्या आखूड झालेल्या पँटींवरून कळायचं. तुमची सून तीस वर्षं एकटीच सिनेमाला, एकटीच लग्नांना गेली आणि शेवटी शेवटी तिनं विचारणंही सोडलं. तुमचं वर्षश्राद्धसुद्धा मी एका सबस्टेशनच्या कामापायी चुकवलं. तुम्ही माझी नोकरी वाचवलीत आणि मी त्या नोकरीशिवाय काही वाचवलं नाही. याचा मला आता इतका संताप येतो की हातातलं पेन खाली ठेवून बसावं लागतं.

आता ती गोष्ट. नोकरीची शेवटची वर्षं मी प्रशिक्षण केंद्रावर नव्या पोरांना शिकवत होतो. दर तुकडीला पहिल्या दिवशी एक किस्सा सांगायचो. एका गावात एक म्हातारा इंजिन ड्रायव्हर होता. जोडणीच्या दिवशी त्याचं मन वांग्याच्या भरतात होतं, म्हणून इंजिन मोडलं आणि अख्खं गाव बंद पडलं. कामावर असताना मन घरी ठेवून या, असं मी शेवटी म्हणायचो. वर्ग दर वेळी खळखळून हसायचा. मी कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे सगळं बसवलेलं होतं. तो ड्रायव्हर माझा बाप होता हे मी एकाही तुकडीला सांगितलं नाही.

गेल्या मंगळवारी त्यांतल्याच एकाचा फोन आला. तोही आता निवृत्त झाला आहे. म्हणाला, "सर, तुमचा तो भरतवाला ड्रायव्हर मी जन्मभर लक्षात ठेवला. माझी मुलगी झाली तेव्हासुद्धा मी पॅनल सोडलं नाही. तिच्या लग्नातही अक्षता पडल्या आणि तासाभरात ड्यूटीवर हजर." आवाजात अभिमान होता. मग म्हणाला की मुलगी आता फारशी बोलत नाही. त्याला खरं काय ते तेव्हाच सांगता आलं असतं, फोन माझ्या कानाशी होता. मी म्हणालो, "शाबास."

हे पत्र तुम्हाला पाठवण्यात अर्थ नाही, तुम्हाला यातलं सगळं त्या पायरीवर बसल्या बसल्याच कळलं होतं. पाठवायचं तर त्याला पाठवायला हवं. त्याचा नंबर माझ्यापाशी आहे. मंगळवारपासून चार वेळा काढून बघितला, अजून लावलेला नाही.