फुटलेलं कॉफीचं भांडं

वरसे, रोहा
११ जानेवारी २०२५

ती. संध्यावन्सं यांस,
वनिताचा शि. सा. न. वि. वि.

दोन वर्षं झाली, तुम्ही आमच्या घरचा फोन उचलत नाही. पत्र तरी उघडाल म्हणून लिहायला बसले. आधीच सांगते, घरात सगळे धड आहोत.

काल सकाळी आमचं कॉफीचं भांडं फुटलं. प्रदीपभावोजींनी बोटीवरच्या नोकरीत असताना इटलीहून आणून आमच्या लग्नात दिलेलं तेच. खाली पाणी, मध्ये पावडर, आणि गॅसवर ठेवलं की कॉफी वर उसळते ते. फुटलं म्हणजे चीर गेली असं नाही. वरचा भाग आटे सोडून उडाला, छताला आपटला, आणि कढत कॉफी ह्यांच्या मानेवर, खांद्यावर सांडली. देवाची कृपा म्हणून डोळे वाचले.

तुम्हाला माहीत आहे, त्या भांड्याला मी कधी हात लावला नाही. इतकी वर्षं ते ह्यांचंच काम. साबण लावायचा नाही, नुसत्या पाण्याने धुवायचं, उघडं करून वाळवायचं, रबरी वायसर कडक झाला की मुंबईहून दुसरा आणायचा. भावोजींनी सांगितलेलं ह्यांनी देवपूजेसारखं पाळलं. तरी हे घडलं.

पण वन्सं, मला धक्का बसला तो त्या स्फोटाचा नाही. मी मागच्या दारी कपडे धूत होते. भांड्याच्या सांध्यातून वाफेची शिटी ऐकू आली, नाग फुत्कारावा तशी. मी ओरडले, गॅस बंद करा. पुन्हा ओरडले. शेजारची सरू तिच्या अंगणातून धावत आली, आणि हे ओट्यापासून दोन हातांवर स्टुलावर बसून शांतपणे पेपर वाचत होते. पान उलटलं. मी दारात पोचले आणि भांडं उडालं.

दवाखान्यात मलमपट्टी चालू असताना डॉक्टरांनी ह्यांच्या मागे उभं राहून नाव विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मग डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, ह्यांना कमी ऐकू येतंय हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?

नव्हतं हो. एका ताटात जेवणाऱ्या बाईला नव्हतं. कंपनीत कॉम्प्रेसरच्या खोलीत सगळी उमर गेली, कान हळूहळू गेले. कळलं तर घरी बसवतील म्हणून ह्यांनी कुणालाच सांगितलं नाही. आमच्या तोंडाकडे बघून बोलणं ओळखायचे. चारपाच वर्षं कॉफी करपट लागायची आणि मी चेष्टा करायचे, की म्हातारे झालात, ओट्याशी पेंगता. ती कॉफी वर आली की घुरघुरते, तेव्हाच उतरवायची असते. ती घुरघुरच ह्यांना ऐकू येत नव्हती.

तुमचा राग कशाचा आहे ते मला ह्यांनी कधी सांगितलं नाही. पण आता तरी भावाची चौकशी करा.

तुमच्या मायेची वाट बघणारी,
वनिता

*

पेण
१६ जानेवारी २०२५

चि. सौ. वनितास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. फोन हातात घेतला होता, पण जे सांगायचं ते तोंडाने निघेना.

आधी भांड्याचं. त्याच्या कुशीला पितळेचं बारीक बटण असतं, कुकरच्या सेफ्टीसारखं. तुमचं बोअरचं पाणी जड. क्षार बसून ते बटण बुजलं असणार, वाफेला वाट उरली नाही. हे, तुझे भावोजी, आमचं तसलंच भांडं दर महिन्याला लिंबाच्या पाण्यात उकळून ते मोकळं करायचे. पावडरही दाबून भरू देत नसत. आता ते वापरू नका. दुरुस्तही करू नका.

आता मनातलं लिहिते. दोन वर्षांत हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

हे दवाखान्यात होते. त्या दिवशी सकाळी सगळं संपलं. मी पहिला फोन रमेशला केला. तू तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला होतीस. मी म्हटलं, रमेश, हे गेले. तो म्हणाला, "बरं झालं. बरं झालं ताई. संध्याकाळी येतो." आणि फोन ठेवला.

मला वाटलं माझं डोकं फिरलंय. आम्ही त्याच्यासाठी थांबलो. फोन केले, उचलले नाहीत. शेवटी भाऊ नसतानाच यांना नेलं. दिवेलागणीला तो दारात आला, हातात मोसंब्यांची पिशवी, तोंडावर हसू. अंगणातल्या बायका बघत राहिल्या. मी आत जाऊन कडी लावली. त्या दिवसापासून मला भाऊ नव्हता.

आणि आता तू लिहितेस की त्याला ऐकू येत नाही. वनिता, मी काय समजू? त्याने काय ऐकलं होतं? खरं सांग. मला धीर देण्यासाठी काही बनवून लिहू नकोस.

आशीर्वाद आहेतच.
संध्या

*

वरसे, रोहा
२१ जानेवारी २०२५

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं. मी तोंडी सांगितलं असतं तर त्यातले अर्धे शब्द ह्यांच्याकडून सुटले असते, म्हणून पत्रच ह्यांच्या हातात दिलं.

हे वाचत गेले आणि एका जागी थांबले. पुन्हा वर जाऊन वाचलं. मग मला विचारलं, "मी असं म्हणालो?"

मी मान डोलावली. वन्सं, असा चेहरा मी सासूबाई गेल्या तेव्हाही पाहिला नव्हता. मग सांगितलं. फोनवर ह्यांना तुमचा नुसता आवाज खालीवर होताना कळला होता. उद्या भावोजींना घरी सोडतील असं आदल्या दिवशी दवाखान्यात तुम्हीच समोरासमोर म्हणाला होतात, तेव्हा तेच सांगताय असं धरून चालले. घरी आले असं समजून शिफ्ट संपवली आणि वाटेत फळं घेतली. तुमच्या अंगणात पाऊल टाकल्यावर कळलं. पण तोंडातून काय निघून गेलंय ते आजवर ठाऊक नव्हतं. उशीर झाला म्हणून ताई रागावली, एवढंच धरून होते. उशीर का झाला ते सांगायचं तर कानाचं सांगावं लागलं असतं, म्हणून गप्प राहिले.

बनवून एक अक्षर लिहिलेलं नाही. खांद्याची जखम अजून ओली आहे, तरी हे पत्र तुम्हाला पोचलं की येत्या रविवारच्या एसटीने पेणला जातो म्हणतात. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाले. दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी काही मागत नाही.

तुमची,
वनिता

*

पेण
२७ जानेवारी २०२५

चि. सौ. वनितास आशीर्वाद.

तो काल दुपारी आला. मी दार उघडलं. पट्टीमुळे मान एका बाजूला धरून उंबऱ्याबाहेर उभा होता. मी आत ये म्हटलं, पण बोलताना तोंड वळवलं होतं, त्यामुळे त्याला कळलं नाही, आणि तो तसाच उभा राहिला. आजवर किती वेळा मी अशी पाठमोरी बोलले असेन, आणि तो असाच उभा राहिला असेल.

हाताला धरून आत आणला. माफी मागायला लागला, ती मी मागू दिली नाही. त्याला खुर्चीत बसवलं, उजेडाकडे तोंड करून समोर बसले. त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सावकाश म्हटलं, "रमेश, हे गेले."

तो माझ्या ओठांकडे बघत होता. त्याचे डोळे भरून आले. मग लहानपणी विचारायचा तशा आवाजात त्याने विचारलं, "कधी गो, ताई?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. शेवटचा श्वास कसा गेला, ते काय बोलले, पाणी कुणी पाजलं. त्या सकाळी भावाला जे सांगायचं होतं, ते सगळं.

त्याला मी चार दिवस ठेवून घेणार आहे. पट्टी मीच बदलते. तू काळजी करू नकोस.

तुझी,
संध्यावन्सं