सात तऱ्हेचं 'भिया'

मंगळवार, संध्याकाळ

आज आमच्या रेडिओ स्टेशनच्या मॅनेजर सक्सेनाजींनी माझ्याकडून नुसतं 'भिया', म्हणजे इथल्या बोलीतलं 'भैया', सात तऱ्हांनी रेकॉर्ड करून घेतलं. हसून, रागावून, लाडानं. कशासाठी? "अरे मॅडम, बस साउंड लायब्ररी के लिए. आप टेन्शन मत लो." सातवं 'भिया' मी मुद्दाम कोरडं म्हटलं, तर ते पुन्हा घ्यायला लावलं.

खर्च कमी करायचा म्हणून गेल्या महिन्यात संध्याकाळच्या निवेदकाला, रमेशला, काढलं. कार्यक्रम मात्र त्याच्याच आवाजात चालू आहे. जुनी रेकॉर्डिंगं असतील, असं मी समजत होते. पण आज त्या आवाजानं पलासिया चौकातला आत्ताचा ट्रॅफिक सांगितला! साउंडवाल्या जोशींना विचारलं, तर मान खाली घालून म्हणाले, "ताई, अभी छुट्टी मत लेना, एवढंच सांगतो."

म्हणजे रमेशच्या आवाजात आता मशीन बोलतंय, आणि माझं 'भिया' त्यासाठीच?

सुदामा नगरात आई रोज सकाळी माझा कार्यक्रम लावते. माझा घसा जरा बसला तरी लगेच तिचा फोन येतो, "काढा घेतलास का गं?" मशीनमधल्या माझ्या आवाजाचा घसा कधीच बसणार नाही. मला काढलेलं असेल, मी घरी रडत बसले असेन, आणि आईला वाटेल, पोरगी मजेत आहे.