नेट नसलेल्या शाळेसाठी

प्रिय दामिनी,

तुझे फोन येतात आणि मी उचलत नाही. रागावली असशील. बोलायला गेले तर रडू फुटेल, म्हणून लिहायला बसले. इकडे कापसाची वेचणी सुरू झाली आहे. आईचे गुडघे तसेच आहेत. तुझ्या घरचे आदिलाबादला राहायला गेल्यापासून गावातलं तुला कुणी कळवत नसेल.

आपण दोघी ज्या शाळेत शिकलो तिथेच मी परत शिकवायला आले, तेव्हा किती मिरवलं होतं मी! पहिली ते पाचवी मराठी माध्यम आणि शिकवणारी एकटी मी. चौथीकडे वळलं की पहिलीत मारामारी. तू हैदराबादहून सुट्टीला आलीस, अर्धा दिवस माझ्या वर्गात बसलीस आणि म्हणालीस, ‘मोठ्या वर्गांसाठी मी मराठीत धडे बनवते, संगणकावर ब्राउझरमध्ये उघडतील. तू लहानांकडे बघ.’ नोकरी सांभाळून तू ते केलंसही.

जूनमधल्या पालकसभेचं आज सगळं सांगते. मराठी वर्ग ठेवायचे की पोरं शेजारच्या तेलुगू शाळेत घालायची, ते त्या दिवशी ठरणार होतं. मी सगळ्यांसमोर तुझा पेनड्राइव्ह लावला आणि पडद्यावर लाल ओळ आली : एक तुकडा सापडत नाही, नेट जोडा. आपल्या शाळेत नेट कुठलं! फोनला रेंज मिळते त्या टेकाडावर धावत जाऊन मी तुला फोन केला. तू सांगितलंस, की तुझा प्रोग्रॅम इतरांनी लिहिलेल्या शेकडो तुकड्यांवर उभा आहे आणि ते तुकडे आणखी दुसऱ्यांच्या तुकड्यांवर. लग्नाला एकाला बोलवावं आणि त्याच्यामागे अख्खं गाव यावं, तसं. तुझ्याकडे नेट असल्याने कमी पडलेला तुकडा गुपचूप उतरून यायचा, म्हणून पेनड्राइव्हमध्ये तो घालायचा राहिल्याचं तुला कळलंच नाही. तू तो फोनवर पाठवलास, मी संगणकात घातला. मग दुसरा अडला, त्याला पहिल्याची जुनी आवृत्ती हवी होती. तीही घातली, तर तिसऱ्याला आमचा जुना संगणकच चालेना.

लोक बसून होते. जयवंताबाई उठून माझ्याजवळ आली. तिची सुजाता तिसरीत, वर्गात सगळ्यांत आधी हात वर करणारी. ‘बाई, हे चालून काऊन नाई राह्यलं?’ मी म्हटलं, थोडं थांबा. ‘आमी थांबतो, पण पोरीचं वरीस थांबन का?’ ती चिडून नाही, अगदी हळू बोलली. शिक्षण खात्याकडून आलेले साहेब ‘कोशिश अच्छी थी, मॅडम’ एवढंच म्हणाले आणि त्यांनी तेलुगू हवी असणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. जयवंताबाईने हात वर केला तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती.

संध्याकाळी तू फोनवर इतकी रडलीस, की सभेत काय ठरलं ते तू विचारलं नाहीस आणि माझ्याच्याने सांगवलं नाही. मग सगळा पावसाळा तू एकेक तुकडा, त्याची नेमकी आवृत्ती, जुन्या संगणकाला चालेल अशी शोधून एकाच गठ्ठ्यात बांधत राहिलीस. परवा तो नवा पेनड्राइव्ह पोचला. तेव्हापासून तुझ्या प्रत्येक मेसेजमध्ये एकच प्रश्न, चाललं का?

चाललं, दामिनी. आज शाळेत जाऊन लावलं. कुठे अडलं नाही, काही मागितलं नाही. एकामागून एक धडे उघडत गेले. मी सगळे बघितले, रिकाम्या बाकांसमोर बसून. मराठी वर्ग जुलैतच बंद झाले. सुजाता तिकडे दिवसभर तोंड उघडत नाही, असं तिची आई सांगते. मला मंडल शिक्षण कार्यालयात कारकुनीचं टेबल दिलं आहे, उद्यापासून तिथे जायचं. तू कुठे कमी पडलीस असं समजू नकोस. फक्त आता पुढची आवृत्ती करू नकोस.

तुझीच,
प्रतिभा