पाळीखालची खुर्ची

मामंजी, आज सकाळी नळाला लाल पाणी आलं. कुठेतरी पाइप फुटला असणार. खालच्या मजल्यावरचे लोक शिव्या देत बादल्या ओतून देत होते, आणि मी पेला उजेडाकडे धरून स्वयंपाकघरात उभी, तळाशी माती बसते का ते बघत. लेक चार दिवस राहायला आली आहे, ती म्हणाली, आई, पाणीच तर आहे. तिला काय सांगणार? तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, तुमचा मुलगाही गेला, शहराला नर्मदेचं पाणी यायला लागल्यापासून आपल्या तलावाला कुणी विचारत नाही, आणि मला मात्र अजून गढूळ पाण्याची धडकी भरते. तुमच्यासमोर मी कधी दोन वाक्यांच्या वर बोलले नाही. आज बोलते, कारण आता तुम्ही खाकरून निघून जाऊ शकत नाही.

नागपूरहून लग्न होऊन आले तेव्हा तलावाचा ओव्हरसियर म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात तुम्ही, हे आणि मी. काळ्या खडकांच्या दोन टेकड्यांमध्ये घातलेली मातीची उंच पाळ, तिच्या पायथ्याशी आपलं क्वार्टर, त्याखाली मजुरांची बस्ती आणि पुढे कारखान्याची कॉलनी. परसात उभं राहिलं की निम्मं आभाळ पाळीनंच खाल्लेलं. पलीकडे आपल्या छपराच्याही वर पाणी उभं आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी हौसेनं पाळीवर चढले आणि वरून आपलं घर खाली बघितलं, तेव्हा कळलं. त्या दिवसापासून माझी झोप हलकी झाली ती आजतागायत.

तुम्ही पाळीला पोटच्या पोरासारखं जपायचात, पोराला कमीच. गवत कापून घेणं, उंदरांची बिळं बुजवणं, बकऱ्या हाकलणं. पिंपळाचं रोप उगवलं की कुणी हात लावायला धजत नसे, म्हणून तुम्ही स्वतः ते मुळासकट काढून टेकडीवरच्या देवळापाशी नेऊन लावायचात. मी एकदा उतारावर कढीपत्ता लावला. माती ओलसर, जागा उन्हाची, मला वाटलं तुम्ही खूश व्हाल. तुम्ही तो उपटून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, झाड मेलं की मूळ सडतं, अन् सडल्या मुळाची नळी होते, पाणी तिथूनच वाट काढतं. आवाज चढवला नव्हता, पण मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. पाळीच्या पायथ्याशी एक झिरा होता, पाळीतून झिरपणारी पाण्याची धार, बारीक, बारमाही. रोज सकाळी तुम्ही त्याचं पाणी पेल्यात घेऊन उन्हात धरून बघायचात. मी एकदा ह्यांना विचारलं, झिरा बुजवून का टाकत नाहीत? हे म्हणाले, पाणी येऊन राहिलं तर येऊ दे, त्यासोबत माती नाही आली पाहिजे, असं बाबा म्हणतात.

मग लढाई लागली. काचांना काळे कागद, भोंगे, कारखाना अहोरात्र चाललेला. ह्यांची तिथली ड्यूटी दुहेरी, घरी आले तरी उभ्यानं जेवून परत. सगळी कॉलनी वर आभाळाकडे बघत होती आणि एकटे तुम्ही खाली जमिनीकडे. मला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात विचारायचं काय. ट्रंक भरून झाली होती, भाऊ न्यायला निघाला होता. आठवा लागण्याआधी पोचायचं, कारण आठव्यात वेस ओलांडत नाहीत. मी मनात दिवस ढकलत होते. मला नागपूरचं सपाट अंगण हवं होतं.

आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे आहात. तुम्ही कधी तिथपर्यंत येत नसायचात. खाकरलात, आत आलात आणि पेला ओट्यावर ठेवलात. पाणी लाल. तळाशी बारीक मातीचा थर बसत चाललेला. माझ्या हातातला झारा कढईतच राहिला. तुम्ही भिंतीकडे बघत बोलत होतात. मोठ्या साहेबांनी तलाव उतरवायची परवानगी दिली होती, पण कारखान्याला पाणी कमी पडता कामा नये आणि लोकांत घबराट होता कामा नये, एवढं बजावून. मोरी, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, एकदम उघडता येत नव्हती; पाणी भराभर उतरलं तर आतल्या अंगाची ओली माती घसरते. तोवर झिऱ्यावर आधी रेती, मग बारीक गिट्टी, मग दगड असे थर द्यायचे, म्हणजे पाणी येतं आणि माती अडते. त्याला माणसं हवीत, आणि ती माणसं बस्तीतली.

"सूनबाई, बस्तीच्या बाया तुझ्याकडे पाहून राहिल्या," तुम्ही म्हणालात. "ओव्हरसियरनं सून हलवली म्हटलं की एक माणूस थांबायचा नाही."

मी म्हटलं, मग त्यांना खरं सांगून टाका ना, जाऊ द्या त्यांना.

"गेले तर रेती कोण टाकेल? मग पाळ नक्की जाते. म्हातारे, ढोरं, घरं, सगळं घेऊन जाते."

"आणि थांबले तर?"

तुम्ही पेला उचलून तळाचा थर पुन्हा बघितलात. मग म्हणालात, "तर बहुतेक वाचते."

तुम्ही मला थांब म्हणाला नाहीत, हे खरं आहे. पण जा असंही म्हणाला नाहीत. पेला तिथेच ठेवून गेलात. भाऊ आला, जेवला, रिक्षा दारात उभी. बस्तीच्या बाया टोपल्या कडेवर घेऊन कुंपणापाशी थांबल्या होत्या. मी भावाला सांगितलं, ह्यांची ड्यूटी अशी, घरात दुसरं बाईमाणूस नाही, मी नाही येत. तो म्हणाला, अगं आई वाट पाहून राहिली तिकडे, काहून असं करतेस? मी ट्रंक ओढून पुन्हा आत नेली. तुम्ही अंगणात पाठ करून उभे होतात. रिक्षा वळणापलीकडे गेली आणि मला वाटलं, संपलं.

त्याच दुपारी मोहल्ल्यातली स्वयंसेवक पोरं आली. हवाई हल्ल्यासाठी रेतीची पोती भरून ठेवलेली, ती त्यांनी मोठ्या उत्साहात झिऱ्यावर रचली आणि वर चढून नाचली. देशाचं काम केलं म्हणून खूश. झिरा थांबला, कोंडलेल्या पाण्यानं दुसरी वाट धरली, आणि आपल्या परसात, तुळशीच्या मागे, जमीन उकळायला लागली. मी डोळ्यांनी बघितली ती माती, बुडबुड करत वर येणारी. तुम्ही धावत आलात. तुम्हाला धावताना मी तेव्हाच पाहिलं. पोती तुम्ही स्वतःच्या हातांनी ओढून काढलीत. मजूर कुजबुजायला लागले होते, दोघांनी फावडी खाली ठेवली होती. तेव्हा तुम्ही घरात गेलात, बैठकीतली वेताची खुर्ची उचलून आणलीत, पाळीच्या अगदी पायथ्याशी ठेवलीत आणि माझ्याकडे बघितलंत.

मी बसले. मांडीवर झबलं शिवायला घेतलं आणि बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बसले, तिसऱ्या दिवशीही. सगळ्यांना दिसेल अशी, पोट पुढे करून, दगडासारखी. समोर रेती पडत होती, गिट्टी पडत होती, आणि पाठीमागे ती पाळ. माझी पाठ तिच्याकडे होती, मामंजी, आणि पाठीला सगळं ऐकू येत होतं. ओला खडा घरंगळला तरी सुई बोटात जायची. पोटातलं बाळ हललं की वाटायचं पाळच हलली. देवाचं नाव घ्यायला जायचे आणि मधेच विसरायचे.

टोपल्या वाहणाऱ्यांत एक बाई होती. पहिल्या दिवशी आपलं तान्हं तिनं वर देवळात म्हातारीपाशी ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती त्याला खाली घेऊन आली, माझ्या खुर्चीशेजारी गोधडीवर निजवलं आणि हसून म्हणाली, "भौजी बैठी हैं, तो हमें काहे का डर."

त्याला वर ने, असं अगदी ओठांवर आलं होतं. तुम्ही जवळच उभे होतात, तुम्ही ऐकलंत, आणि माझ्याकडे नाही, गोधडीकडे बघितलंत. तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी परत कधी बघितलं नाही. मी बाळाला उचलून मांडीवर घेतलं. एक पोटात, एक मांडीवर. त्यानंतरची दुपार मला आठवत नाही, फक्त त्याच्या टाळूचा वास आठवतो.

पाणी हळूहळू पांढरं झालं, मग नितळ. तुम्ही पेला उन्हात धरलात आणि मग माझ्यापुढे केलात. मी तो दोन्ही हातांनी धरून तळ बघितला, माती नव्हती. पुढे तलाव उतरला, पाळ खणून पुन्हा बांधली, बाळंतपण इथेच झालं. ह्यांना खुर्चीचं मागाहून कळलं, तेव्हा त्यांनी तुमच्याशी कित्येक दिवस अबोला धरला. आणि लोक सांगत राहिले, ओव्हरसियरसाहेबांना पाळीची एवढी खात्री की सुनेलाच खाली बसवलं. खात्री नव्हती हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मला. आपण दोघांनी तो विषय कधी काढला नाही. शेवटच्या आजारात एकदा तुम्ही विचारलंत, सूनबाई, भ्यालीस का गं तेव्हा? मी म्हटलं, नाही, तुम्ही होतात ना.

हे पत्र टाकायचं कुठे? लेक चहा घेऊन येईल, त्याआधी घडी करून साड्यांखाली ठेवीन. तिला आजोबा म्हणजे देवमाणूस, आणि तिचं खोटं नाही. तुमचं बरोबर होतं असं मीही जन्मभर सगळ्यांना सांगत आले, कारण बस्ती वाचली, ते तान्हंही वाचलं. पण मामंजी, तुमच्या जागी मी असते, तर सुनेला पहिल्या गाडीनं नागपूरला पाठवलं असतं, आणि बस्तीत कुणाला काही सांगितलं नसतं, त्या तान्ह्याच्या आईलाही नाही.