मूळ वेगातलं गाणं

प्रिय छोटी,

गुडघ्यांचे व्यायाम घेणारी मुलगी रोज आपलं गाणं लावते. 'आपलं' म्हणायची सवय जात नाही, रागावू नकोस. त्या डिस्को ठेक्यावर आम्ही म्हाताऱ्या पाय वर-खाली करतो, आणि खरं सांगते, दुखरा पायसुद्धा आपसूक उचलला जातो. इतकी वर्षं झाली, गाण्याला गंज नाही. चढला तो आमच्या गुडघ्यांना. परवा मी सोबत गुणगुणले, तर ती मायेने म्हणाली की आजी, मूळ गाण्यात सूर जरा वरचा आहे. मी पुढचा पाय उचलला.

सूर वरचा आहे, कारण टेप जोरात फिरवली होती. तू तिथे स्टुडिओच्या दारातच उभी होतीस. गाऊन गाऊन माझा घसा बसला आणि संगीतकार म्हणाले, गाणं रेंगाळतंय, यावर नाचणार कोण? रेकॉर्डिस्टने टेपचा वेग थोडा वाढवला. सगळ्यांचे पाय हलायला लागले, अगदी त्या खडूस हिशेबनिसाचेही. माझा आवाज मात्र सोळा वर्षांच्या पोरीचा झाला. सगळ्यांत जास्त हसले मीच. मग रेकॉर्ड कंपनीच्या मालकाने माझा जाड चष्मा पाहिला, तुझ्याकडे पाहिलं, आणि या आवाजाला चेहरा हिचाच हवा म्हणाला. चार कार्यक्रमांपुरतं ठरलं होतं ना गं? तू नुसते ओठ हलवायचे होतेस. पुढे तू मुलाखतींत आवाज कसा जपतेस तेही सांगू लागलीस. म्हणे, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. गुळण्या मी करत होते. मला राग नाही, असं आई असेपर्यंत म्हणत राहिले. राग होता. आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

रेकॉर्डिस्टच्या मुलीला वेग वाढवण्याआधीची टेप सापडली. तिने घरी येऊन ऐकवली. संथ, भरदार, चांगल्या जाणत्या बाईचा आवाज. माझा. मी रडले. कंपनी ते गाणं आता त्याच वेगात, माझ्या नावाने काढणार आहे. काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, या वयात तुला काय मिळणार? माझं मात्र सगळं जाईल." जाईल, खरं आहे. तरी मी होकार कळवला. रविवारी तुझा सत्कार, आणि बातमी त्याआधीच फुटेल. लोकांच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. पहिल्या रांगेतली माझी खुर्ची दुसऱ्या कुणाला दे. आणि गायचा आग्रह झाला, तर या वेळी तूच गा.

तरीही तुझीच,
ताई